कुस्ती निकाली का होत नाही? : वेळकाढूपणा आणि नियमांची गोष्ट

बारामती आणि इंदापूर हे नीरा आणि भीमा या नद्यांच्या आसऱ्याने वाढलेले तालुके. येथे जत्रा किंवा उरूस म्हटला की कुस्त्यांचा फड आलाच. दुपार कलली की हलगी घुमू लागते. सुरुवातीला लहान मुलांच्या नारळाच्या कुस्त्या होतात. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी जोड मैदानात उतरते. हात मिळवले जातात, अंगावर माती टाकली जाते, खडाखडी सुरू होते. पाच मिनिटे जातात, दहा जातात. दोघेही एकमेकांच्या मानेवर हात टाकून गोल फिरत आहेत आणि कोणीच डाव टाकत नाही. मग कडेला बसलेल्या एखाद्या जुन्या वस्तादाचा आवाज येतो, "अरे, कुस्ती करा की!" अखेर पंच मध्ये पडतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. लोक धोतर-विजार झटकत उठतात. पैसे, वेळ आणि उत्साह यांपैकी नेमके काय वाया गेले हे कोणालाच सांगता येत नाही, पण काहीतरी फसले असे प्रत्येकाला वाटते.

ही गोष्ट केवळ आपल्या भागातली नाही आणि केवळ कुस्तीचीही नाही. जेथे जेथे दोन स्पर्धक समोरासमोर येतात, तेथे तेथे कधी ना कधी एकाला असे वाटते, की लढण्यापेक्षा न लढण्यात आपला फायदा आहे. यालाच आपण वेळकाढूपणा म्हणतो. नुरा कुस्ती वेगळी. तिच्यात निकाल आधीच ठरलेला असतो आणि ती सरळसरळ फसवणूक आहे. वेळकाढू मल्ल मात्र बहुतेक वेळा एकही नियम मोडत नाही. तो नियमांनी दिलेली सवलत वापरतो, एवढेच. म्हणूनच त्याच्यावर उपाय शोधणे अवघड जाते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या खेळांनी हे उपाय कसे शोधले, त्यांतले कोणते लागू पडले आणि कोणते अंगाशी आले, हा इतिहास शिक्षकांच्या उपयोगाचा आहे. कारण नियम आणि वागणूक यांचा संबंध वर्गातही तोच असतो.

शेफर्ड्स बुशमधील अडीच तास

वेळकाढूपणाचे सर्वांत गाजलेले उदाहरण भारतीय मल्लाशीच निगडित आहे. १९१० साली गामा पहिलवान लंडनला गेला. तेथे १० सप्टेंबर रोजी शेफर्ड्स बुश भागातील स्टेडियममध्ये त्याची गाठ पोलंडचा नामांकित मल्ल स्टानिस्लाव झ्बिश्को याच्याशी पडली. गामाचे वजन सुमारे ९० किलो, तर झ्बिश्को त्याच्यापेक्षा चांगलाच वजनदार, ११० किलोच्या घरातला. कुस्ती सुरू झाली आणि पहिल्या एक-दोन मिनिटांतच गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर झ्बिश्को जो हातागुडघ्यांवर बसला आणि मातीला चिकटावे तसा गादीला चिकटला, तो जवळजवळ शेवटपर्यंत तसाच राहिला. गामाने घिस्से दिले, पट ओढले, मान दाबली. अडीच तासांहून अधिक काळ हे चालले होते. शेवटी सामना थांबवून पुढच्या शनिवारी, म्हणजे १७ सप्टेंबरला, पुन्हा कुस्ती घ्यायचे ठरले. त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला देण्यात आला.

याला पुढे जोड मिळाली. १९२८ साली पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी आखाडा मातीचा होता आणि गामाने मिनिटभराच्या आतच झ्बिश्कोला चीत केले. अठरा वर्षांपूर्वी अडीच तासांत न लागलेला निकाल एका मिनिटात लागला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. १९१० साली निकाल लागला नाही तो दोघे तुल्यबळ होते म्हणून नव्हे. एकाने हार टाळणे हेच उद्दिष्ट ठरवले आणि तसे करण्यापासून त्याला रोखणारा एकही नियम तेथे नव्हता, म्हणून तो निकाल अडला.

जमिनीला चिकटलेला मल्ल उलटत का नाही?

येथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. एखादी वस्तू उलटवायची म्हणजे तिचा गुरुत्वमध्य तिच्या आधाराच्या कडेपलीकडे न्यायचा. त्यासाठी तो आधी वर उचलावा लागतो. गुरुत्वमध्य जितका खाली आणि आधार जितका रुंद, तितके हे काम अवघड.

सोयीसाठी मल्लाला एक ताठ वस्तू समजू आणि ढोबळ आकडे घेऊ. उभ्या मल्लाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९५ सें.मी. उंच आणि आधाराची निम्मी रुंदी २० सें.मी. धरली, तर कडेवर येताना गुरुत्वमध्य पायथागोरसच्या नियमाप्रमाणे ९७ सें.मी. उंचीवर जातो. म्हणजे तो फक्त २ सें.मी. वर उचलायचा. तोच मल्ल हातागुडघ्यांवर बसला, की उंची ४० सें.मी. आणि निम्मी रुंदी ३० सें.मी. होते. आता गुरुत्वमध्य ५० सें.मी.पर्यंत, म्हणजे १० सें.मी. उचलावा लागेल. आणि तो हातपाय पसरून पालथा पडला, तर उंची १२ व निम्मी रुंदी ५० सें.मी. धरून गुरुत्वमध्य सुमारे ३९ सें.मी. उचलावा लागतो. ११० किलो वजनाच्या मल्लासाठी हे काम अनुक्रमे सुमारे २२, १०८ आणि ४२५ ज्यूल इतके भरते. उभ्या मल्लाच्या मानाने पालथा मल्ल उलटवायला १८-१९ पट काम पडते.

माणूस ताठ लाकूड नाही, हे खरेच. कोपर खेचून, गुडघा उचलून त्याचा आधारच काढून घेता येतो. आपले सवारी, घिस्सा, एकलंगी हे डाव नेमके हेच करतात. पण आकड्यांवरून कल यायला हरकत नाही. बचाव करणाऱ्याला निसर्गानेच पारडे झुकवून दिलेले आहे.

दुसरी बाजू शरीरक्रियेची. जोराचा झटका देताना स्नायू आपल्यातील क्रिएटिन फॉस्फेटचा साठा वापरतात. तो सुमारे दहा सेकंदांत सरत येतो. त्यानंतर ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज मोडून ऊर्जा मिळवली जाते आणि मिनिट-दोन मिनिटांत हातपाय जड होऊ लागतात. साठा पुन्हा भरायला काही मिनिटे विश्रांती लागते. डाव टाकणारा हा साठा खर्च करतो आणि नुसता दबून बसणारा तो वाचवतो. ज्याने एकदा गुणांची आघाडी घेतली, त्याला वेळ आणि दम असे दोन्ही फायदे मिळतात. वेळकाढूपणा म्हणजे आळस असे आपण समजतो, पण हिशेबाच्या दृष्टीने तो अगदी शहाणपणाचा असू शकतो.

घड्याळ आले

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये या प्रश्नाने टोक गाठले. ग्रीको-रोमन कुस्तीच्या मध्यम वजनी गटात रशियाच्या बाजूने खेळणारा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनेन यांची उपांत्य कुस्ती उघड्यावर, उन्हात, अधूनमधून थोडी विश्रांती घेत ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला खरा, पण इतका थकला की अंतिम कुस्तीला उभाच राहू शकला नाही. सुवर्णपदक स्वीडनच्या क्लास योहानसनला मिळाले. हलक्या-जड गटाच्या अंतिम फेरीत स्वीडनचा आल्ग्रेन आणि फिनलंडचा ब्योलिंग हे नऊ तास झुंजले. निकाल लागला नाही. तेव्हा पंचांनी दोघांनाही रौप्यपदक दिले आणि सुवर्णपदक कोणालाच दिले नाही. प्रतिस्पर्ध्याला हरवल्याशिवाय पहिला क्रमांक नाही, हा त्यामागचा विचार होता. आपल्या निकाली कुस्तीच्या कल्पनेशी तो किती जुळतो पाहा.

पण स्पर्धा भरवणाऱ्यांना असे दिवसचे दिवस देणे परवडणारे नव्हते. पुढच्या काळात कुस्तीला वेळेची मर्यादा आली आणि ती टप्प्याटप्प्याने आखडत आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, म्हणजे सहा मिनिटे, इतकी झाली आहे. क्लाइनच्या ७०० मिनिटांत आजच्या शंभराहून अधिक कुस्त्या बसतील.

घड्याळाबरोबर गुण आले. चीतपट झाली नाही तर गुणांवर निकाल. मातीत वाढलेल्या मल्लांना हे नवीन होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा गादीची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना जवळजवळ अपरिचितच होते. तरीही ते सहावे आले. चार वर्षांत त्यांनी हे तंत्र आत्मसात केले आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून सुरू केलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत भेटतात, ते या दोन परंपरांना एकत्र ठेवण्यासाठीच.

घड्याळाने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला. पूर्वी न हरण्यासाठी तासन्‌तास तग धरावा लागे. आता एक गुण घेतला की उरलेली मिनिटे काढली तरी पुरे! वेळेची मर्यादा हीच वेळकाढूपणाची जननी ठरली.

पिशवीतला चेंडू

यावरचा एक उपाय कसा उलटला, ते पाहण्यासारखे आहे. २००५ ते २०१३ या काळात आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन डावांची होती आणि दोन डाव जिंकणारा विजयी ठरे. एखाद्या डावात दोन मिनिटांनंतरही गुणफलक कोरा राहिला, तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढीत. ज्याचा रंग निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय हातात धरून सुरुवात करायला मिळे. तीस सेकंदांत त्याने गुण घ्यायचा, नाहीतर गुण दुसऱ्याला. पाय आधीच हातात असल्याने बहुतेक वेळा तोच जिंके. कोरी बरोबरी राहू नये, हा हेतू चांगला होता.

आता दुबळ्या मल्लाच्या जागी उभे राहून विचार करा. समजा, सरळ लढलो तर एक डाव जिंकण्याची माझी शक्यता चारात एक आहे. तीन डावांपैकी दोन जिंकण्याची शक्यता मग ३२ मध्ये ५, म्हणजे सुमारे १६ टक्के. पण मी प्रत्येक डावात नुसता बचाव करून फलक कोरा ठेवला, तर? चेंडू माझ्या रंगाचा निघण्याची शक्यता निम्मी. पाय धरणारा शंभरात ८० वेळा जिंकतो असे धरले, तर माझी डाव जिंकण्याची शक्यता ०.५ × ०.८ + ०.५ × ०.२ = ०.५. येथे ८० ऐवजी कोणताही आकडा घाला, उत्तर निम्मेच येते. म्हणजे न लढता १६ टक्क्यांचे ५० टक्के झाले! कोंडी फोडण्यासाठी आणलेल्या नियमाने कोंडी करणाऱ्यालाच बक्षीस दिले.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिंपिकच्या मुख्य खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. कारणे अनेक होती, पण न समजणारे नियम आणि रटाळ होत चाललेल्या लढती यांची चर्चा जगभर झाली. प्राचीन ग्रीसपासून चालत आलेला खेळ जातो की काय, अशी वेळ आली. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांतील तालमीत पहाटे चारला उठून जोर काढणाऱ्या पोरांचे पुढचे दारच बंद होणार होते. आंतरराष्ट्रीय संघटनेने धावपळ करून नियम बदलले. चेंडू गेला, डावांऐवजी सर्व गुणांची बेरीज आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्यूनस आयर्सच्या बैठकीत कुस्तीला पुन्हा जागा मिळाली.

आजच्या फ्रीस्टाइलमध्ये निष्क्रिय राहणाऱ्या मल्लाला पंच आधी तोंडी समज देतात. पुन्हा तसेच घडले तर त्याच्यावर तीस सेकंदांची मुदत लागते. त्या अवधीत कोणीच गुण घेतला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. पकड टाळून पळाला तर ताकीद आणि समोरच्याला गुण. गुण समान असतील तर काही निकष लावून, आणि शेवटी ज्याने अखेरचा गुण घेतला त्याला, विजयी ठरवतात. १–१ अशी बरोबरी असली तरी दोघांपैकी एक जण मागे असतोच आणि त्याला लढावेच लागते. पिशवीतल्या चेंडूपेक्षा हा उपाय सरस ठरला, कारण यात वाट पाहणाऱ्याचे नुकसान होते.

कबड्डीचा दम

हाच प्रश्न कबड्डीने अगदी वेगळ्या रीतीने सोडवला होता. या खेळाचे लिखित नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने महाराष्ट्रात घडले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली आणि १९९० साली बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताने पहिले सुवर्णपदक घेतले. ज्यांनी या प्रवासासाठी आयुष्य वेचले त्या शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

चढाई करणाऱ्याने एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहायचे, हा या खेळाचा प्राण. नीट पाहिले तर हे एक घड्याळ आहे! ना काटा, ना किल्ली, ना पंचाच्या हातातले यंत्र. फुप्फुसातील हवा संपत आली, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला, की चढाईची वेळ आपोआप संपते. घड्याळ नसलेल्या गावच्या मैदानावर यापेक्षा उत्तम कालमापक कोणता? शिवाय तो प्रत्येकाला ऐकू येतो, त्यामुळे वादालाही जागा कमी.

पण दमाचा चढाईपटू मध्यरेषेजवळच घुटमळून परत येऊ शकतो. म्हणून निदानरेषा आली. कोणाला स्पर्श झाला नसेल तर चढाईत ती एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. त्यापलीकडची बोनस रेषा आणखी आत जाणाऱ्याला गुण देऊ करते. पहिली रेषा धाक दाखवते, दुसरी आमिष. तरीही आघाडीवरचा संघ निदानरेषेला पाय लावून रिकाम्या हाताने परतण्याचा सपाटा लावू शके.

पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने आणखी एक नियम लोकांपुढे आणला. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी 'करो या मरो'. तीत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद आणि समोरच्या संघाला गुण. याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. सामना संपायला तीन मिनिटे, म्हणजे १८० सेकंद आहेत. प्रत्येक चढाई पूर्ण तीस सेकंद चालली तर सहा चढाया, प्रत्येक संघाला तीन. पूर्वी आघाडीवरच्या संघाने तिन्ही वाया घालवल्या तरी चालत असे. आता फार तर दोन, तिसरीत धोका पत्करावाच लागतो. दोन चढाया सावध खेळण्याचा हक्क आणि तिसरीत लढण्याचे कर्तव्य, असे हे माप आहे. बचाव हा गुन्हा नाही, पण बचावाची मुदत असते, ही गोष्ट या एका नियमात किती सोप्या रीतीने आली आहे!

असाच साधा हिशेब अमेरिकेतील बास्केटबॉलने केला होता. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन आणि मिनियापोलिस या संघांच्या सामन्याचा निकाल १९–१८ असा लागला, कारण फोर्ट वेनने चेंडू नुसता हातात ठेवला. प्रेक्षक कंटाळले. तेव्हा संघमालक डॅनी बियासोन यांनी विचार केला, की चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० भागिले १२० बरोबर २४. तेव्हापासून, म्हणजे १९५४ पासून, चोवीस सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम झाला. एका मोसमात संघांची सरासरी गुणसंख्या ७९ वरून ९३ वर गेली.

पळण्यालाच गुण

मग पळणे आणि वेळ काढणे नेहमीच वाईट का? आपलाच खो-खो याचे उत्तर देतो. तेथे बचाव करणाऱ्याचे कामच मुळी वेळ काढणे आहे. नऊ मिनिटांच्या पाळीत जो जास्त वेळ टिकतो त्याचे कौतुक होते. एकच वागणूक कुस्तीत ताकीद मिळवून देते आणि खो-खोत टाळ्या. फरक माणसाच्या स्वभावात नाही, खेळाच्या रचनेत आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्यांना संख्येचे बळ दिलेले आहे आणि पळणाऱ्याला चपळाईचे. म्हणून पळणे हीच झुंज ठरते.

युद्धाचे गणित तर आणखी वेगळे. मालोजीराजे भोसले यांचे नाव इंदापूरशी जोडलेले आहे. त्यांच्या काळात निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने मोठ्या मोगल फौजेशी समोरासमोर न भिडता तिची रसद तोडण्याचे, तिला दमवण्याचे तंत्र वापरले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तलाव फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला. शहाजीराजे त्या लढाईत होते आणि पुढे याच तंत्राला मराठ्यांनी गनिमी काव्याचे रूप दिले. रणांगणावर पंच नसतो, तिकीट काढून बसलेला प्रेक्षकही नसतो. दुर्बळाने वेळ काढून सबळाला थकवणे तेथे शहाणपण ठरते. खेळ हा मात्र दोघांनी मिळून केलेला करार असतो. दोघांनाही लढण्याची संधी मिळेल, हे त्यात गृहीत असते. एकाने लढायचेच नाकारले, तर दुसऱ्याची मेहनत मातीमोल होते. तीन-तीन वर्षे खुराक-व्यायाम करून आलेल्या पोराला समोरचा हातच धरू देत नाही, तेव्हा हिरावली जाते ती त्याची संधी.

पडद्यावरचे मल्ल

आजची मुले हा प्रश्न आणखी एका ठिकाणी भोगतात. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर २' हा व्हिडिओ गेम आणला आणि दोघांनी समोरासमोर झुंजण्याच्या खेळांची लाट आली. त्यातही पडद्यावर ९९ पासून उलटे मोजणारे घड्याळ असते. ते शून्यावर आले, की ज्याची शक्ती जास्त उरली तो विजयी. परिणाम आपल्या ओळखीचाच झाला. एक ठोसा मारायचा, थोडी आघाडी घ्यायची आणि मग मागे मागे सरकत, उड्या मारत घड्याळ संपवायचे. माती बदलली, माणूस तोच!

पुढच्या काही खेळांत यावर उपाय थेट यंत्रातच बसवला. 'गिल्टी गिअर' या मालिकेत सतत माघार घेणाऱ्याला आधी इशारा मिळतो आणि मग विशेष डावांसाठी साठवलेली त्याची शक्ती काढून घेतली जाते. कुस्तीतली निष्क्रियतेची शिक्षाच ती, फक्त पंचाच्या जागी संगणक. यात एक फायदा आहे. यंत्र कोणाच्या गावचे नसते, कोणाचा दबाव मानत नाही. तोटाही आहे. हा खेळाडू भ्याला म्हणून मागे सरला की डाव साधण्यासाठी, हे यंत्राला कळत नाही. ते फक्त पावले मोजते. जाणता पंच मल्लाच्या डोळ्यांवरून ओळखतो, पण मग त्याच्यावर पक्षपाताचा आरोप होऊ शकतो. मोजता येईल असा नियम हवा की समजू शकेल असा माणूस हवा, हा वाद जुना आहे आणि तो अजून मिटलेला नाही. कबड्डीच्या दोन रिकाम्या चढाया कोणालाही मोजता येतात. कुस्तीतली निष्क्रियता मात्र पंचालाच ठरवावी लागते. म्हणूनच कुस्तीच्या मैदानात भांडणे अधिक.

वर्गात करून पाहण्यासारखे

या विषयावर दोन-तीन सोपे प्रयोग शाळेत करता येतील. पहिला प्रयोग दमाचा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका दमात "कबड्डी" म्हणत राहावे आणि जोडीदाराने सेकंद मोजावेत. आधी बसून, मग मैदानाला एक फेरी मारून आल्यावर लगेच. आकडे फळ्यावर लिहून सरासरी काढावी. धावल्यावर दम किती कमी झाला आणि का, यावर चर्चा करावी. दम्याचा वा अन्य त्रास असलेल्या मुलांनी मोजणीचे काम घ्यावे.

दुसरा प्रयोग उलटवण्याचा. एक वीट उभी, आडवी आणि सपाट अशी ठेवावी आणि वरच्या कडेला दोरी बांधून साध्या ताणकाट्याने ओढावी. ती कलंडायला किती बल लागते आणि कलंडण्यापूर्वी ती किती अंशांपर्यंत तिरपी होते, हे नोंदवावे. झ्बिश्को अडीच तास का टिकला, ते मुलांना स्वतःच्या हाताने कळेल.

तिसरा प्रयोग नियम करण्याचा आणि तो सर्वांत महत्त्वाचा. वर्गाचे दोन गट करून कोणताही साधा खेळ द्यावा. पहिल्या दिवशी, जो पुढे आहे त्याला वेळ काढता येईल असा नियम ठेवावा. मुले अर्ध्या तासात पळवाट शोधतीलच. त्यांना रागावू नये. उलट त्यांनाच विचारावे, की आता कोणता नियम करू? मग तो नियम लावून खेळावे आणि त्यातली पळवाट पुन्हा शोधायला सांगावे. दोन-तीन फेऱ्यांत त्यांच्या लक्षात येईल, की "नीट खेळा" असे ओरडून फारसे काही होत नाही. ज्या वागण्याला फायदा मिळतो तेच वागणे वाढते.

आपल्या परीक्षांनाही हे लागू आहे. प्रश्नपत्रिकेत पाठांतराला गुण असतील, तर मुले विचार करण्याची जोखीम कशाला घेतील? उत्तर चुकले तर हसे होत असेल, तर वर्गात हात वर न करणे हा त्यांच्या दृष्टीने पक्का हिशेबी बचाव असतो. अशा मुलाला आपण आळशी म्हणतो. खरे म्हणजे ते हातागुडघ्यांवर बसलेले असते आणि घंटा होण्याची वाट पाहत असते. त्याला उभे करायचे तर कबड्डीचा नियम आठवावा. दोनदा सावध राहण्याची मोकळीक द्यावी, तिसऱ्यांदा मात्र आत जायला लावावे, आणि आत गेल्याबद्दल, हात लागो वा न लागो, बोनस रेषेसारखा एखादा गुण हमखास ठेवावा.